कोणाविरुद्ध तक्रार नाही

मुगळीच्या ईरण्णाला अख्खा उमरगा तालुका ओळखतो, आणि ऑफिसात खुर्चीवर बसणारी माणसं जरा जास्तच ओळखतात. धंदा म्हणाल तर पिठाची गिरणी. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढतो, पण दुपारपर्यंत भुवयांवर एवढं पीठ बसतं की विभूती कुठली आणि ज्वारी कुठली हे देवालाही कळू नये. गिरणी पोटासाठी, खरा जीव अर्जात. लाइट दिवसातून चारदा गेली, अर्ज. एसटी फाट्यावर थांबत नाही, अर्ज. शाळेच्या पत्र्याला भोकं पडली, अर्ज. रेशन दुकानाच्या काट्याखाली चुंबक सापडला, अर्ज, आणि सोबत तो चुंबकही जोडलेला. अर्ज देऊन हा माणूस कधी रिकाम्या हातानं परतला नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, असा त्याचा नेम. शिक्क्याच्या त्या प्रती गिरणीत एका तारेला टोचून ठेवलेल्या असत. तीस वर्षांत ती तार तीनदा बदलावी लागली.

गंमत अशी की या अर्जबहाद्दराला मराठी धड लिहिता येत नव्हतं. सातवीपर्यंतची शाळा त्यानं आजोळी, शिवेपलीकडं, कानडीत केली. मराठी बोलायला फाडफाड, पण लिहायला बसला की एका ओळीला अर्धा तास. म्हणून आधी कुणाला तरी गाठून लिहून घ्यायचा, आणि पुढं अर्ज लिहायची त्याची लेक, भुवनेश्वरी. चौथीत असल्यापासून. गिरणी चालू, हा पट्ट्याजवळ उभा राहून ओरडून सांगतोय आणि ती धान्याच्या पोत्यावर पाटी आणि पाटीवर कागद ठेवून लिहितेय.

"लिही, ह्या हरामखोर वायरमनला..."

"अप्पा, अर्जात शिव्या चालत न्हायत."

"मग काय चालतं?"

"सदर वायरमन."

"बरं, सदर लिही. पण जरा जोरात लिही."

शेवटी ती "आपला नम्र" असं लिहायची, आणि दर वेळी तिथं भांडण. "नम्र कशाला? म्या काय भीक मागतोय का?" ती हसायची आणि लिहायचीच. अक्षर असं की तहसीलमधला कारकूनसुद्धा एकदा म्हणाला, कोण लिहून देतं हो तुम्हाला? ईरण्णाची छाती दोन इंच फुगली. बी.एस्सी. झाल्यावर ती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. ईरण्णा सगळ्यांना सांगायचा, ही तलाठी झाली की पहिला अर्ज हिच्याच ऑफिसात देणार, बघू कशी पोच देत नाही ते.

आता त्या जुलैची गोष्ट. दोन हजार एकवीस. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. गावातली बारा माणसं गेली होती आणि लस घ्यायची तर अठरा किलोमीटरवर जाऊन पहाटेपासून रांग धरायची. म्हाताऱ्यांचे हाल कुत्रं खाईना. ईरण्णानं अर्ज टाकला: मुगळीत शिबिर घ्या. एक टाकला, दुसरा टाकला, तिसऱ्याला शिबिर मंजूर झालं, शाळेत. पण गाव ऐनवेळी बिथरलं. सुई घेतली की माणूस मरतो म्हणून लोक शेतात जाऊन बसले. आशाताई प्रेमाबाई दारोदार फिरून थकली. तेव्हा ईरण्णानं काय केलं, गिरणीला कुलूप लावलं. सुई घेतल्याचं दाखवा आणि दळण न्या. शिव्या घालत का होईना, माणसं आली. बायका मागं राहिल्या तशी भुवनेश्वरी पुढं झाली, बाही वर करून पहिल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, बघा, मुंगी चावल्याएवढं पण न्हाय. त्या दिवशी एकशे चाळीस जणांनी सुई घेतली. ईरण्णानंही घेतली. एकशे एकोणचाळीस जणांना ताप, अंगदुखी, फार तर हात सुजला, आणि संपलं.

दहाव्या दिवशी भुवनेश्वरीचं डोकं दुखायला लागलं. अभ्यासानं असेल म्हणून चन्नम्मानं, म्हणजे तिच्या आईनं, तेल चोळलं. अकराव्या दिवशी सकाळी उलट्या, आणि मग तिच्या उजव्या हातातून पेन सुटायला लागला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाला, इथं थांबू नका, सोलापूर गाठा. सोलापूर दीड तासावर. जिल्हा आमचा धाराशिव, पण जीव वाचवायचा तर धावायचं सोलापूरला, ही या पट्ट्यातली जुनीच तऱ्हा. ईरण्णाचा थोरला भाऊ बसप्पा जीप घेऊन आला. दवाखान्यात रक्त काढलं, स्कॅनला न्यायचं ठरलं, आणि स्ट्रेचर त्या दारापर्यंत पोचायच्या आत पोर गेली. दुपारचे तीन वाजले होते. वय तेवीस.

डॉक्टर तरुण होता, त्याचाही चेहरा उतरला होता. त्यानं विचारलं, लस कधी घेतली होती? ईरण्णानं सांगितलं. तो म्हणाला, "डोक्यात रक्ताची गुठळी झाली असावी. लाखांत एखाद्याला होतं असं. पण खात्री नाही. पोस्टमॉर्टम करून घ्या काका, नाहीतर पुढं काहीच कळणार नाही." बॉडी उद्या सकाळी मिळेल, हेही त्यानं सांगितलं.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं करून जाळत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, ध्यानाला बसल्यासारखं मांडी घालून बसवतात, डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. त्यासाठी अंग आखडायच्या आत बसवावं लागतं. बसप्पा ईरण्णाच्या कानाशी येऊन म्हणाला, "उद्या सकाळी काय मिळणार आपल्याला? लाकूड झालेलं अंग. त्याला बसवणार कसं? आन् डोकं फोडून शिवलेलं. त्या कपाळाला विभूती लावायची का तू?" ईरण्णाच्या डोक्यात फक्त तेवढंच राहिलं, ते कपाळ. भिंतीशी खाली बसलेली चन्नम्मा काहीतरी म्हणाली. तो तिच्यावर खेकसला, "तू गप बस."

दवाखान्याच्या चौकीतला हवालदार भला माणूस होता. म्हणाला, पोर आजारानं गेलीय, कशाला अडकवून ठेवू. जबाब लिहून द्या आणि घेऊन जा. त्यानंच भराभर लिहिला. ईरण्णानं खाली सही केली. ज्या माणसानं लाइट बिलावर नावातला एक 'ण' कमी पडला म्हणून ते तीनदा परत पाठवलं, त्यानं आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली, आणि तो हा.

संध्याकाळ व्हायच्या आत भुवनेश्वरीला दारात बसवलं. स्वामी आले, बेलपत्री आली, बायकांनी भजन म्हटलं. शेतातल्या आंब्याखाली माती झाली. लोक म्हणाले, किती शांत बसली होती पोर.

चौथ्या दिवशी प्रेमाबाई आली. "अण्णा, सुई घेतल्यावर असं काही झालं तर कळवावं लागतं. त्याचा फॉर्म असतो. म्या कळवलंय." ईरण्णा हूं म्हणाला. त्याला त्या वेळी कशाचंच काही वाटत नव्हतं.

वाटायला लागलं ते महिन्याभरानं. गिरणी चालू असली की बायका एकमेकींशी ओरडून बोलतात, त्याशिवाय ऐकूच येत नाही. त्या दिवशी नेहमीसारखी अचानक लाइट गेली, पट्टा थांबला, आणि रांगेतल्या दोघींचं बोलणं तसंच मोठ्या आवाजात उघडं पडलं.

"...फवारायचंच औषध पिली म्हणं ती, न्हायतर चिरफाड का करू दिली न्हाय?"

ती बाई ओठ चावत डबा तिथंच टाकून गेली. ईरण्णा अंधारात पिठाच्या पेटीवर हात ठेवून उभा राहिला. धडधाकट, लग्नाची, शिकलेली पोर दोन दिवसांत जाते, आणि बाप तपासू देत नाही. गावानं दोन आणि दोन चार केले होते. घरोघरी हे चाललं होतं आणि फक्त त्याच्याच घराला माहीत नव्हतं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भांडायला कुणाशी जाणार? गावात कुणी तोंडावर काही बोललं नव्हतं.

त्या दिवसापासून ईरण्णाला एक कागद पाहिजे होता. लसीमुळं गेली, असं सरकारनं लिहिलेला, शिक्क्याचा कागद. भरपाई दिली तर द्या, न दिली तर राहू द्या, पण पोरीचं नाव धुवून द्या. तो पहिला अर्ज त्यानं स्वतः लिहिला, आठ दिवस लागले. शेवटी "आपला" एवढं लिहून थांबला. पुढचा शब्द त्याच्यानं लिहवेना. तसाच दिला.

आता पुढची चार वर्षं सांगायची म्हणजे माझंच डोकं फिरतं. जिल्ह्याच्या ऑफिसात रणधीर नावाचा कारकून होता. वाईट नव्हता, पण त्याच्या खिडकीतून आत काही गेलं की ते कुठं जातं हे त्यालाही माहीत नसे. पहिल्या वेळी म्हणाला, मृत्यू सोलापूरला झालाय, तिकडं जा. ईरण्णा तिकडं गेला. तिकडचे म्हणाले, सुई तुमच्या जिल्ह्यात टोचली, इकडं कशाला आलात? पुन्हा तीन तासांची एसटी. मग मृत्यूचा दाखला मूळ प्रत आणा. मग तो साक्षांकित करून आणा. मध्येच जिल्ह्याचं नाव बदललं, तर अर्जावर उस्मानाबाद आहे, धाराशिव करून नव्यानं द्या. ईरण्णा म्हणाला, "पोरगी गेली तवा जिल्हा उस्मानाबादच व्हता, साहेब. तवा धाराशिव नव्हतं." रणधीरनं मान डोलावली आणि अर्ज परत दिला.

एकदा भरपाईचा विषय निघाला. रणधीरनं आवाज खाली आणून सांगितलं, "काका, खरं सांगू का? लसीच्या भरपाईची अशी योजनाच आमच्याकडं न्हाय. वीज अंगावर पडली तर आहे. शेतात साप चावला तर आहे. ह्याला खर्चाचं हेडच न्हाय."

"म्हणजे माझी पोर विजेनं मरायला पायजे व्हती?"

"तसं न्हाय हो काका."

"मग कसं ते सांग."

रणधीर दुसऱ्याचा अर्ज बघायला लागला. ईरण्णानं बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं, कारण हात उचलायचा मोह झाला होता.

चौदा महिन्यांनी, लसीनंतरच्या अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या समितीचं पत्र आलं. लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना, असा विषय. तेवीस वर्षांच्या पोरीला त्यांनी घटना म्हटलं होतं. खाली लिहिलं होतं: रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट पेशी कमी आढळल्या, तथापि त्या काळात डेंगूचेही रुग्ण होते, स्कॅन नाही, शवविच्छेदन अहवाल नाही, उपलब्ध माहिती अपुरी असल्याने मृत्यूचे कारण निश्चित करता येत नाही. कारण निश्चित नाही. गावही तेच म्हणत होतं, फक्त गाव डोळे मिचकावून म्हणत होतं.

मधल्या काळात शहरातला एक माणूस मोबाइल घेऊन आला. म्हणाला, लस म्हणजे कट आहे, तुम्ही कॅमेऱ्यापुढं बोला, लाखो लोक बघतील. ईरण्णानं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. "लस वाईट असं म्या कवा म्हनलं? माझ्या गावातल्या एकशे एकोणचाळीस जनांचं भलं झालं आसंल. एका पोरीला बाधली. ते तेवढं लिहून द्या म्हणतोय म्या, जास्त न्हाय, कमी न्हाय." पण असं नेमकं म्हणणाऱ्या माणसाचं ऐकायला कुणाला वेळ होता? एका बाजूला लस म्हणजे अमृत म्हणणारे, दुसऱ्या बाजूला विष म्हणणारे, आणि मधल्या जागेत हा आपला फाटकी पिशवी घेऊन उभा.

टीव्हीवर एकदा बातमी आली की असेच काही आईबाप वरच्या कोर्टात गेलेत. ईरण्णाला वाटलं, आता काहीतरी हलेल. तो पुन्हा जिल्ह्याला गेला. या वेळी मात्र खिडकीच्या आत एक नवीन डॉक्टर बाई अधिकारी म्हणून आल्या होत्या. त्यांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी अख्खी फाइल पहिल्या पानापासून वाचली. पहिलंच पान म्हणजे शिबिर मंजूर करण्याबाबतचा अर्ज, भुवनेश्वरीच्या अक्षरातला. खाली "आपला नम्र". ईरण्णानं खिडकीकडं मान फिरवली.

बाई म्हणाल्या, "बाबा, मी हे पुन्हा समितीपुढं ठेवते. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, खोटी आशा लावत नाही. पण एक अडचण आहे." त्यांनी एक कागद काढून पुढं सरकवला. "हा जबाब. सोलापूरहून आलाय. शवविच्छेदनाला नकार का दिला, हे समिती विचारणारच. त्याचं एक निवेदन तुम्ही लिहून द्या."

तो कागद ईरण्णानं त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. हवालदाराचं धावतं अक्षर. 'माझी मुलगी आजाराने मयत झाली असून तिच्या मृत्यूबाबत माझा कोणावर संशय नाही, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला तिचे शवविच्छेदन करावयाचे नाही.' खाली त्याची सही, मोठी, ठसठशीत.

ईरण्णानं कागद दोनदा वाचला. जन्मभर ज्यानं वायरमनपासून तहसीलदारापर्यंत कुणालाच सोडलं नाही, त्यानं स्वतःच्या लेकीच्या वेळी लिहून दिलं होतं की तक्रार नाही. आणि चार वर्षं हा एकच कागद त्या फाइलमध्ये त्याच्या सगळ्या अर्जांना भारी पडत होता. तो उठला, बाईंना नमस्कार केला आणि एसटीत येऊन बसला. येडशीची बस कुठली आणि उमरग्याची कुठली हे सुद्धा त्या दिवशी त्याला कंडक्टरनं सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गावात लाइटच नव्हती. दुपारी गिरणी बंद ठेवून तो ओसरीवर लिहायला बसला. पहिला मसुदा बसप्पावर: थोरल्या भावाने सांगितल्यामुळे. फाडला, पुन्हा लिहिला, हवालदारावर: मला न वाचू देता सही घेतली. तोही फाडला. तिसरा समाजावर: आमच्या समाजाची बसवून माती करण्याची पद्धत असल्याने नाइलाजास्तव. हा त्याला बरा वाटला. त्यानं तो चन्नम्माला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. या चार वर्षांत तिनं त्या दुपारबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"काय खोटं हाय? रीत न्हाय का आपली?"

"रीत हाय. पण स्वामी तिसऱ्या दिशी घरी आलते. म्या इचारलं त्यान्ला. म्हणाले, तायी, दवाखान्यात अडली असती तर आडवी ठेवली असती, शिवाला काय बसलेलं आन् काय निजलेलं. किती जनांना तसं ठेवलंय म्हणाले."

ईरण्णानं हातातला कागद खाली ठेवला. "मला का न्हाय सांगितलं तू हे?"

"तुमी इचारलं कवा?" तिनं सुपातला खडा बाजूला टाकला. "आन् तिथं भिंतीपाशी म्या काय म्हनलं व्हतं, ते तरी कवा इचारलं? म्या म्हनलं व्हतं, करू द्या. लेकराला काय झालं ते तरी कळू द्या. तुमी म्हनला, गप बस. म्या बसले गप."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. रडली नाही, ओरडली नाही. ईरण्णाला वाटलं, हिनं ओरडावं, भांडावं, निदान सूप आदळावं. चार वर्षं तो ऑफिसं पालथी घालत होता, दोष कुणाचा ते शोधत होता, आणि खरं उत्तर घरात बसून रोज त्याला ताट वाढत होतं. त्यानं तिसरा कागदही फाडला. नवीन घेतला. लिहायला सगळी दुपार गेली. अक्षर वेडंवाकडं, काना-मात्रा चुकलेल्या, पण या वेळी त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

'विषय: माझ्याविरुद्ध तक्रार.

मी ईरण्णा, राहणार मुगळी. माझी मुलगी भुवनेश्वरी हिने कुठलेही औषध घेतले नव्हते. तिला मरायचे नव्हते, तिला तलाठी व्हायचे होते. सुईनंतर अकराव्या दिवशी डोके दुखून ती गेली. डॉक्टर तपासू द्या म्हणाले. तिची आई तपासू द्या म्हणाली. नाही म्हणणारा मी एकटा. रीतीने अडवले नाही, भावाने अडवले नाही, मी अडवले. सोलापूरच्या जबाबात माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही असे आहे. ते खोटे आहे. माझी माझ्याविरुद्ध तक्रार आहे. त्याची शिक्षा जी असेल ती मला द्या. पण माझ्या चुकीसाठी तिच्या नावापुढे कारण निश्चित नाही असे ठेवू नका.

आपला नम्र,'

आणि सही.

रणधीरनं तो अर्ज खिडकीतून घेतला, वाचला. ईरण्णा वाट बघत राहिला, आता हा म्हणणार झेरॉक्स जोडा, म्हणणार तारीख टाकली नाही, म्हणणार अमुक टेबलाला जा. रणधीरनं सरळ शिक्का मारला, आवक नंबर टाकला, दुसरी प्रत पोच म्हणून हातात दिली. चार वर्षांत खरे, साक्षांकित, तीन-तीन प्रतींतले कागद परत आले होते. आणि या एका अर्जात सरकारला काही कमी सापडलं नाही. ईरण्णाला त्याचाच राग आला. बाई म्हणाल्या, समिती दोन महिन्यांनी बसेल. कदाचित तीन.

ती पोच त्यानं तारेला टोचली नाही. गावात आल्यावर वाटीभर पिठाची खळ शिजवली आणि गिरणीत, दळणाच्या भावाच्या पाटीशेजारी, रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर तो कागद चिकटवला. सरकार लिहील तेव्हा लिहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. त्या वेळी मोठ्यानं बोलून गेलेली बाईही त्यात होती, डबा पोटाशी धरून. कुणीतरी विचारलं, अण्णा, हे काय लावलंय? अक्षर काही लागत न्हाय. प्रेमाबाई पुढं झाली आणि वाचायला लागली, पण गिरणीच्या आवाजात तिचं कुणाला ऐकू जाईना. तेव्हा ईरण्णानं हात वर करून बटण खाली ओढलं. पट्टा थांबला.

"आता वाच, तायी," तो म्हणाला. "पहिल्यापासून वाच. मोठ्यानं."

प्रेमाबाईनं वाचलं. चन्नम्मा घराच्या दारात येऊन उभी राहिली होती. वाचून झालं. जात्यात दळण अर्धंच राहिलं होतं, लाइट होती, आणि तरी गिरणी चालू करा असं कुणी म्हणालं नाही.